पिशवीबाहेरचं पाणी

गंगापूर रोड, नाशिक

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. ज्या कार्बनच्या सूक्ष्म कणांवर तू कर्करोगाचं औषध बसवणार आहेस, त्यांचं द्राक्षाच्या चोथ्यापासून केलेलं पाणी अतिनील दिव्याखाली निळं चमकतंय आणि मागे तुझा चेहरा त्याहून जास्त. बरं वाटलं. आता थोडं विरजण घालतो, रागावू नकोस.

हळद स्पिरिटमध्ये घोळ आणि त्याच दिव्याखाली धर, तीही चमकेल. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भांड्यात, १८० अंशांवर शिजलेल्या त्या रश्शात कार्बनचे कण असतील, तसे अर्धेकच्चे छोटे रेणूही असतील, आणि पुष्कळदा निळा उजेड त्या रेणूंचाच असतो. हे चमकणारे कण, म्हणजे कार्बन डॉट, २००४ मध्ये सापडले तेच मुळी कार्बनच्या नळ्या शुद्ध करताना वेगळ्या पडलेल्या अशुद्धीत. ज्या विषयाचा जन्मच गाळण्यातून झाला, त्यात आपण गाळायचाच कंटाळा करतो.

तुमची बाग दिंडोरीकडे, म्हणून पुढचं तुला चटकन कळेल. ब्लोअरने फवारलं की औषध पानावर बसतं, बांधावर उडतं, शेजारच्या प्लॉटमध्येही जातं. जीएचं (जिबरेलिक आम्ल या वाढीच्या संजीवकाचं) डिपिंग मात्र एकेक घड बुडवून. नेहमीची केमोथेरपी ब्लोअरसारखी. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, गाठीतल्या पेशी मारतं आणि हृदयाच्या स्नायूलाही सोडत नाही. म्हणून एका माणसाला आयुष्यात एकूण किती द्यायचं यालाही मर्यादा असते. ते कार्बनच्या कणावर बसवायचं, ते डिपिंग साधावं म्हणून.

बसतंही सहज. औषधाच्या रेणूत चपटी कडी, कणावरही ग्राफाइटसारखे चपटे पट्टे; ओले पापड एकमेकांवर ठेवले की चिकटतात तसे हे चिकटतात. रक्ताचा सामू (पीएच) ७.४ असतो, गाठीभोवती तो बऱ्याचदा ६.५ च्या आसपास उतरतो, आणि पेशीने कण गिळला की ज्या पिशवीत तो अडकतो तिथे आणखी खाली. आम्लात औषधावर धनभार वाढतो, ते पाण्यात जास्त विरघळतं, पकड सैल होते. कणाला फोलिक आम्ल जोडलं, तर ज्या कर्करोगी पेशींवर त्याला पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) जास्त असतात त्या त्याला आत ओढतात.

कागदावर हे फार देखणं दिसतं. पण डिपिंग करताना घड डोळ्यांसमोर असतो, इथे नसतो. २०१६ मध्ये त्याआधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचा मध्यक निघाला ०.७ टक्के. शंभरातला एकही नाही! बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा उचलतात. कण साधारण साडेपाच नॅनोमीटरहून लहान असला तर मूत्रपिंड त्याला लघवीवाटे काढून टाकतं. त्यामुळे कणाचं माप तुझ्या प्रबंधात कोपऱ्यातल्या आकृतीत नको, पहिल्या प्रकरणात हवं. (लांब नळ्यांच्या वाटेला गेली नाहीस हे उत्तम. २००८ मध्ये उंदरांच्या पोटात त्यांनी ॲस्बेस्टॉससारखी सूज आणली होती.)

आता माझी फजिती. तेव्हा मी एका प्रयोगशाळेत होतो. औषध चढवलेले कण पेशींवर घातले आणि दोन दिवसांत बहुतेक पेशी खलास. पेढे वाटले मी. आठवड्याने एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "डायलिसिसचं शेवटचं पाणी कुठल्या रंगाचं होतं?" मी बघितलंच नव्हतं. डायलिसिस म्हणजे कण बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवायचे; न चिकटलेलं औषध बाहेरच्या पाण्यात उतरतं, कण आत राहतात. पुन्हा पिशवी लावली, तर तिसऱ्या दिवशीही बाहेरचं पाणी गुलाबी. पेशी कणांनी मारल्याच नव्हत्या, न चिकटलेल्या मोकळ्या औषधाने मारल्या होत्या. चर्चासत्राला पाठवलेला गोषवारा मागे घेतला, आणि पेढ्यांचा विषय लोकांनी दोन वर्षं सोडला नाही.

तेव्हा नुसता कण, नुसतं औषध आणि दोन्ही एकत्र, अशा तिन्ही रांगा प्रत्येक वेळी लाव. एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी रंगद्रव्य जांभळं करतात ती चाचणी, करशील तेव्हा एक रांग पेशींशिवायचीही ठेव, कारण कार्बन स्वतःच उजेड शोषतो, कधी तो जांभळा रंग धरूनही बसतो, आणि यंत्राला मेलेलं-जिवंत काही कळत नाही. निरोगी पेशींवर काय होतं तेही बघ; नाहीतर हा ब्लोअर की डिपिंग, सांगणार कसं?

आणि एक. गावात कुणाला 'कॅन्सरवर औषध शोधतेय' म्हणून सांगू नकोस. मी एकदा बोलून गेलो, तर पंचवटीतले एक गृहस्थ बायकोचे रिपोर्ट घेऊन दारात उभे राहिले. त्यांना चहा दिला. दुसरं द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. 'कणावर औषध किती बसतं आणि किती सुटतं ते मोजतेय' एवढंच सांग. कुणी पुढचं विचारत नाही.

पिशवी लावलीस की बाहेरचं पाणी बेसिनमध्ये ओतू नकोस. दर बदलाला एक बाटली भर, वेळ लिहून झाकून ठेव. पंधरवड्याने मी तिकडे येईन तेव्हा सगळ्या बाटल्या ओळीने लावून बघू.

तुझे सर