पोपच्या भेटीला राष्ट्रप्रमुख का जातात? वाचकांचे प्रश्न

पोप लिओ चौदावे यांची निवड झाल्यापासून व्हॅटिकनबद्दलची पत्रं वाढली आहेत. त्यातल्या राजनैतिक भेटींविषयीच्या प्रश्नांना इथे उत्तरं देतो.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. जेमतेम ४४ हेक्टरचा देश, ना सैन्य ना बाजारपेठ. तरी जगभरचे नेते तिथे कशासाठी जातात? (नाशिक)

आधी एक गोष्ट पक्की करा, कारण परीक्षेतही इथेच गुण जातात. राजनैतिक संबंध व्हॅटिकन सिटी या देशाशी नसतात, ते ‘होली सी’शी, म्हणजे पोपच्या धर्मपीठाशी असतात. संयुक्त राष्ट्रांत १९६४ पासून कायम निरीक्षक आहे तेही धर्मपीठच. देश फार नंतर आला. १८७० साली इटलीच्या फौजांनी रोम घेतलं आणि पोपची राज्यसत्ता संपली. पुढची ५९ वर्षं पोपकडे स्वतःचं म्हणावं असं राज्य नव्हतं, तरीही राजदूतांची ये-जा चालूच राहिली. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन जानेवारी १९१९ मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांना भेटले, तेव्हा व्हॅटिकन सिटी नकाशावरच नव्हती! ती आली ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन करारातून. पोप कुठल्याही सरकारचे मिंधे राहू नयेत, एवढ्यासाठी तो जमिनीचा तुकडा.

नेते जातात ते दोन कारणांनी. एक, जगात सुमारे १४० कोटी कॅथलिक आहेत आणि त्यातले बरेच या नेत्यांचे मतदार आहेत. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्या गावात कुठल्याही देशाची वकिलात नाही, तिथेही एखादी मिशनची शाळा नाहीतर दवाखाना असतो. तिथली खबर बिशपमार्फत रोमला पोचते. अशी माहिती पैसे टाकून मिळत नाही.

मग राजदूत राहतात कुठे? (पुणे)

रोममध्ये, इटलीच्या हद्दीत. लॅटरन करारातच तशी सोय आहे. स्पेनची वकिलात सतराव्या शतकापासून ज्या चौकात आहे, त्याला तिच्यावरूनच पियाझ्झा दि स्पान्या हे नाव पडलं.

युद्धात या सोयीची कसोटी लागली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटनचे दूत डार्सी ऑस्बोर्न व्हॅटिकनच्या भिंतींआड, सांता मार्ताच्या इमारतीत राहायला गेले. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य रोममध्ये शिरलं, तशी जर्मनीचे राजदूत एर्न्स्ट फॉन वायत्सेकर यांच्यावर आत आसरा घेण्याची पाळी आली. यजमान तेच, पाहुणे बदलले. तटस्थपणा म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एक अट मात्र कडक आहे. इटलीतल्या राजदूताकडेच धर्मपीठाचाही कारभार देऊन चालत नाही, माणूस वेगळा लागतो. म्हणून भारताचे स्वित्झर्लंडमधले राजदूत बर्नहून हे काम पाहतात. धर्मपीठाचे राजदूत (त्यांना नन्सिओ म्हणतात) मात्र दिल्लीत चाणक्यपुरीत राहतात. संबंध १९४८ पासूनचे आहेत. आपल्यासारख्या देशाने रोममध्ये स्वतंत्र, कायम राहणारा राजदूत नेमायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष भेटीत काय होतं? (ठाणे)

व्हॅटिकनला विमानतळ नाही, त्यामुळे पाहुणे उतरतात रोमला. गाड्यांचा ताफा सान दामासो प्रांगणात येतो, तिथे स्विस गार्ड, म्हणजे पोपचे रक्षक, मानवंदना देतात. मग प्रासादातल्या ग्रंथालयात पोप आणि पाहुणे यांचं खासगी बोलणं होतं, जोडीला फार तर दुभाषे. दार उघडल्यावर शिष्टमंडळाची ओळख, भेटवस्तू, फोटो. पंतप्रधान मोदींनी ३० ऑक्टोबर २०२१ ला पोप फ्रान्सिस यांना चांदीचा मेणबत्तीदान दिला, तर पोपनी त्यांना ‘वाळवंटाची बाग होईल’ असा मजकूर कोरलेला कांस्यफलक दिला.

खरं कामकाज त्यानंतर, कार्डिनल सचिवांच्या दालनात सुरू होतं (कार्डिनल म्हणजे पोपखालोखालचे धर्मगुरू). २०१३ पासून हे पद पिएत्रो पारोलिन यांच्याकडे आहे. त्यांना धर्मपीठाचे पंतप्रधान म्हणा; परराष्ट्रमंत्र्याचं काम त्यांच्या हाताखाली वेगळे सचिव बघतात. संध्याकाळच्या बातम्यांत पोपबरोबरचा फोटो झळकतो, पण मुद्दे या दुसऱ्या बैठकीत मांडले जातात.

स्त्रियांनी काळाच पोशाख घालावा लागतो का? (न्यू जर्सी)

जुना संकेत तसा आहे, सक्ती आता राहिलेली नाही. पांढरा पोशाख घालण्याचा मान स्पेन, बेल्जियम अशा मोजक्या कॅथलिक राजघराण्यांतल्या राण्यांना आहे.

गोवामुक्तीच्या काळात पोप कोणाच्या बाजूने होते? (पणजी)

गोवा म्हणजे पूर्वेचं रोम, तिथे भारत शिरला तर ख्रिस्ती धर्मावर संकट येईल, असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा प्रचार होता. नेहरू जुलै १९५५ मध्ये रोमला गेले, पोप पायस बारावे यांना भेटले, आणि बाहेर येऊन सांगितलं की गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपना मान्य आहे. पोर्तुगालच्या हातातलं सर्वांत मोठं हत्यारच बोथट झालं. माझ्या मते भारताच्या दृष्टीने व्हॅटिकनची ही सर्वांत फलदायी भेट.

पण धर्मपीठाने पोर्तुगालला उघड दुखावलंही नाही. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पोर्तुगीज आर्चबिशप आल्व्हेर्नाझ गोवा सोडून गेले, तरी पद त्यांच्याच नावावर राहिलं. पोर्तुगालने डिसेंबर १९७४ मध्ये भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, आणि त्यांचा राजीनामा आला तो १९७५ साली. तोवर गोव्याच्या चर्चला स्वतःचा आर्चबिशप मिळाला नाही. रोमचा हा सावधपणा गोव्यातल्या श्रद्धाळूंना महाग पडला, असं मी म्हणेन.

अशा भेटींतून कधी युद्ध टळलं आहे का? (कोल्हापूर)

हो. डिसेंबर १९७८ मध्ये बीगल खाडीतल्या बेटांवरून अर्जेंटिना आणि चिली युद्धाच्या तोंडावर होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी वृद्ध कार्डिनल आंतोनिओ सामोरे यांना धाडलं. दोन्ही बाजू कॅथलिक, त्यामुळे पोपच्या माणसाला नाही म्हणणं अवघड होतं. पुढे वाटाघाटी व्हॅटिकनमध्ये वर्षानुवर्षं चालल्या. २९ नोव्हेंबर १९८४ ला तिथेच करारावर सह्या झाल्या. तो दिवस पाहायला सामोरे मात्र हयात नव्हते.

पोप भारतात कधी येतील? (वसई)

पोप राष्ट्रप्रमुख असल्यामुळे सरकारचं निमंत्रण लागतंच. १९६४ साली पॉल सहावे मुंबईला आले होते, जॉन पॉल दुसरे १९८६ आणि १९९९ मध्ये. मोदींनी २०२१ मध्ये फ्रान्सिस यांना बोलावलं होतं. ते त्याआधी श्रीलंका, म्यानमार, बांगलादेश फिरून गेले होते, पण भारतात न येताच एप्रिल २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. आता हालचाल दिल्लीने करायची आहे, आणि वसईकरांनी आपल्या खासदारांकडे तिचा पाठपुरावा करायला काहीच हरकत नाही.