लाकडी चौकटीतल्या वॉटरबेडला चादर टिकत नाही, घरी शिवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत भाड्याने घेतलेल्या घरात घरमालकाचा जुना वॉटरबेड, म्हणजे पाणी भरलेल्या गादीचा पलंग, आहे, क्वीन मापाची इलास्टिकची चादर घातली तरी मध्यरात्री कोपरे सुटतात, आणि तुमच्याकडे शिलाई मशीन आहे. मशीन आहे ना, मग शिवाच. मी ओहायोत अशाच बेडवर अकरा वर्षं झोपतेय आणि त्याच्या सगळ्या चादरी घरीच शिवल्यात.

आधी बेड नीट बघा. कडेला फोमची भिंत असून वरून तो साध्या गादीसारखा दिसत असेल, तर काही शिवायचं नाही; खोल कोपऱ्यांची बाजारातली चादर बसते. पण लाकडी चौकटीत नुसती पाण्याची व्हिनाइलची, म्हणजे जाड प्लॅस्टिकची, पिशवी असेल, तर माप वेगळं असतं. साधी क्वीन गादी 60 बाय 80 इंच, तर चौकटीतला क्वीन वॉटरबेड 60 बाय 84. चार इंच तिथेच कमी पडतात. 1987च्या सुमाराला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर पाच गाद्यांत एक वॉटरबेड असायची, तेव्हा या चादरी कुठल्याही दुकानात मिळत. आता शोधाव्या लागतात.

लांबीपेक्षाही मोठी अडचण ताणाची आहे. आपण झोपलो की पाणी बाजूला सरतं आणि पिशवी आकार बदलते. चादर ताणून बसवलेली असेल तर अंगाखाली तिची झोळी होते आणि सगळं वजन कोपऱ्यांवर येतं. म्हणून इलास्टिक नको. चादर सैल हवी आणि कोपरे पाण्याच्याच वजनाखाली दाबून धरलेले हवेत.

किंग मापाची, बिनइलास्टिकची सुती चादर घ्या. ती साधारण 108 बाय 102 इंच असते. कापायच्या आधी गरम पाण्यात धुऊन वाळवा, सूत आटतंच. मग 108 ही बाजू लांबीला ठेवून रुंदी 84 इंचांवर आणा. हिशेब असा: 60 रुंदी, दोन्हीकडे पिशवीची 9-9 इंच उंची आणि 3-3 इंच खाली खोचायला. लांबीचा हिशेबही तोच. धुतल्यावर इंच-दोन इंच कमी भरली तरी बिघडत नाही.

चारही कोपऱ्यांतून साडेअकरा इंचांचे चौकोन कापा. कापलेल्या कडा अर्धा इंच माया ठेवून जोडा, म्हणजे खोक्यासारखा कोपरा तयार होईल. कापलेले चौकोन टाकू नका, खरी मदार त्यांच्यावरच आहे. प्रत्येक चौकोन तिरपा दुमडला की दुहेरी त्रिकोण होतो. दुमडीपासून दीड इंचावर टीप मारा, हा झाला नेफा. उरलेल्या दोन बाजू चादरीच्या खालच्या कडेला कोपऱ्यात दुहेरी टिपेने जोडा, फक्त एका टोकाला दोन इंच मोकळे ठेवा. तिथून अर्ध्या इंची प्लॅस्टिक पाइपचा 12 इंचांचा तुकडा नेफ्यात सरकवा. पाइपची टोकं पॉलिश पेपरने गुळगुळीत करून त्यावर कापड गुंडाळा. दुकानातल्या जुन्या चादरींनाही कोपऱ्यात अशाच दांड्या असायच्या.

शिवताना टाचण्या मोजून घ्या आणि मोजून डबीत परत ठेवा. माझ्या पहिल्या चादरीत एक टाचणी राहिली होती. सकाळी पाठ ओली लागली तेव्हा कळलं. व्हिनाइलचं ठिगळ लावून निभावलं, पण क्वीन बेडमध्ये साधारण 740 लिटर पाणी असतं, म्हणून मी आता टाचण्यांऐवजी कपड्यांचे चिमटेच वापरते.

घालायला दोघं जण लागतात. पायाकडून सुरुवात करा. एकाने हाताने रेलून पाणी पलीकडे ढकलायचं आणि पिशवीचा कोपरा तळव्यांनी उचलायचा, नखं लागू द्यायची नाहीत. दुसऱ्याने त्रिकोण त्याखाली सरकवायचा. हीटर कुठे आहे आणि त्याची वायर कुठून जाते ते आधी पाहून घ्या, पाइप त्यावर येऊ देऊ नका. कडा चौकटीत खोचायला मी लाकडी उलथनं वापरते. धातूचं काही तिथे नेऊ नका.

व्हिनाइल घाम शोषत नाही, त्यामुळे चादरीखाली एक पातळ थर हवाच. मी आईच्या जुन्या सुती साड्यांची दोन पदरी गोधडी घालते. त्याहून सुखाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

आणि मापल्यावर तुमचा बेड 48 इंच रुंद निघाला, तरी किंगचीच चादर घ्या, कारण लांबी तेवढीच लागते. रुंदीत मग 30 इंचांची पट्टी उरेल, तिचे उशांचे अभ्रे होतील.