लांबी एवढीच गोष्ट बघू नकोस

अनेक आशीर्वाद.

मुलांच्या ग्लायडिंगसाठी, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवायला शिकवण्यासाठी, तुम्ही हेरलेल्या तिन्ही जागांचे नकाशे पाहिले. प्रत्येकावर धावपट्टीची लांबी ठळक लिहिली आहेस. लांबी हवीच. विंचने, म्हणजे पट्टीच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राने केबल गुंडाळत ग्लायडर ओढून, उडवताना साधारण केबलच्या एक तृतीयांश उंची मिळते, समोरून वारा असेल तर थोडी जास्त. म्हणजे 1000 मीटर केबल टाकता आली, तर शिकाऊ मुलाला नीट चक्कर मारून उतरता येतं. पण तेवढ्यावर जागा पसंत करू नकोस.

आधी पट्टीवरून पायी चाल. विंचच्या दिशेने जाताना थोड्या थोड्या अंतरावर थांब आणि स्वतःला विचार, ग्लायडर इथे डोक्यावर असताना केबल तुटली तर? फार वर गेलेलं नसेल, तर नाक खाली घालून वेग सावरायचा आणि समोरच उतरायचं. बरीच उंची असेल, तर छोटी चक्कर घेऊन परत यायचं. खरी गोम मधल्या उंचीत आहे. चांगल्या मैदानावर तिथे दोन्ही पर्याय हाताशी असतात. तोकड्या मैदानावर एकही नसतो: समोर जागा संपलेली आणि वळायला उंची नाही. वारा पडलेल्या दिवशी हा पेच आणखी वाढतो, म्हणून हिशेब त्याच दिवसाचा कर. पेच सुटत नसेल, तर जागा फुकट मिळाली तरी नको.

दुसऱ्या जागेच्या कडेने रस्ता जातो. ग्लायडरने वर सोडलेली केबल छोट्या पॅराशूटसह खाली येते आणि आडव्या वाऱ्यात बाजूला वाहत जाते. ती रस्त्यावर किंवा विजेच्या तारांवर पडून चालणार नाही. माझ्या मते ही जागा बाद.

गवत वाकून बघ. एएसके 21 सारख्या दोन आसनी ग्लायडरचा पंखविस्तार 17 मीटर असतो; एक टोक उंच गवतात अडकलं की अख्खं ग्लायडर गर्रकन फिरतं. आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर जा, उन्हात सगळीच मैदानं गुणी दिसतात. वर नियंत्रित हवाई हद्द, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांच्या परवानगीशिवाय जाता येत नाही ती, किती उंचीवर सुरू होते, हेही तपास. पट्टीवर इंजिनाची विमानं येत असतील, तर केबल वर असताना कोणी थांबायचं हे लेखी ठरवून घे.

आता माणसांचं. शिकवणारे सगळे नोकरी सांभाळून, पदरमोड करून येणार. हँगर, म्हणजे ग्लायडर ठेवायची मोठी शेड, नसेल तर सकाळी पंख जोडा, संध्याकाळी उतरवा, यातच निम्मा दिवस जातो. चांगले प्रशिक्षक उडण्याला नाही, या हमालीला कंटाळून सोडून जातात. मुलांकडे गाड्या नसतात, तेव्हा बस कुठवर येते ते बघ. पावसात उभं राहायला छप्पर आणि मुलामुलींसाठी स्वच्छतागृह नसेल, तर पालक दुसऱ्यांदा पाठवणार नाहीत.

नकाशावरून तरी मला तिसरी जागा बरी वाटते. मालकाला भेटशील तेव्हा करार किती वर्षांचा देणार, हे भाड्याच्या आधी विचार. वर्षभराच्या करारावर हँगर उभारायला निघू नका.