वही पिठाच्या डब्यामागे

"मी मोमिनपुऱ्यात राहते. मुलगी १६ वर्षांची, अकरावी सायन्सला. घरच्यांनी ईदनंतर तिचा निकाह ठरवलाय. मोठे दीर म्हणतात, वयात आली की शरियतमध्ये जायज आहे, सरकारी कायदा आपल्याला लागत नाही. माझंही १५व्या वर्षीच झालं. मी कोणत्या तोंडाने बोलू?"
— एक आई, नागपूर

ताई,

कुणी रद्दीत घालू नये म्हणून मुलगी प्रॅक्टिकलची वही पिठाच्या डब्यामागे लपवते, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत. माझा जीव तिथेच अडकला.

दिरांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. वयात आलेल्या मुलीचा निकाह मुस्लिम वैयक्तिक कायदा वैध धरतो, आणि ते वय १५ मानतो. पण जायज म्हणजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, नव्हे. हनफी मतात, म्हणजे इथले बहुतेक सुन्नी मानतात त्या परंपरेत, तर वयात आलेल्या मुलीच्या रजामंदीशिवाय निकाह होतच नाही. तिला कुणी विचारलं का? कुराणातल्या सूरह निसाची सहावी आयत अनाथांना त्यांची मालमत्ता सोपवण्याआधी निकाहच्या वयाबरोबर त्यांची समजही पारखायला सांगते. पैशाला समज लागते, मग संसाराला नको?

आता कायदा. २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा भारताच्या सगळ्या नागरिकांसाठी आहे, लग्नासाठी मुलीचं वय किमान १८. काही उच्च न्यायालयांनी वैयक्तिक कायद्याकडे झुकते निकाल दिलेत, दिरांनी तेच ऐकलं असेल. पण केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं, आधी नागरिक, मग धर्म. निकाह पढवणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि १८ खालच्या बायकोशी शरीरसंबंध म्हणजे बलात्कार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच ठरवलंय. हे मुलाकडच्यांच्या कानावर जाऊ द्या.

कोणत्या तोंडाने, असं विचारता? तुम्हीच लिहिलंत, तुमच्या निकाहनाम्यात मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, किती लिहिला होता, हे तुम्हाला इतक्या वर्षांनी या मुलीनेच वाचून दाखवलं ना? शिक्षण म्हणजे हेच, ताई. सही करण्याआधी वाचता येणं. तुमचं १५व्या वर्षी झालं, म्हणूनच तुमच्या शब्दाला वजन आहे.

आधी नवऱ्याशी एकट्यात बोला, दिरांसमोर नको. त्यांना भीती नेमकी कशाची आहे ते काढून घ्या. बहुतेकदा ती शरियतची नसते, रस्त्याची असते, लोक काय म्हणतील याची असते. रस्त्याची असेल तर कॉलेजात सोबत जायला मैत्रीण शोधता येते.

ऐकलं नाही तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, दिवसरात्र लागतो. न्यायालयाकडून मनाई हुकूम आणता येतो, तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. ईदची वाट पाहू नका.