वाचक विचारतात : कॉमिक्सवर पीएचडी, खरंच?

मागच्या अंकात मुलांच्या वाचनावर लिहिताना कॉमिक्सचा नुसता ओझरता उल्लेख केला होता, तर पत्रांचा ढीगच पडला. अर्ध्या पत्रांत तक्रारी, अर्ध्यांत बालपण. त्यातली काही घेतोय.

प्रश्न : मुलगी इंग्रजी घेऊन एमए झाली. आता म्हणते कॉमिक्सवर पीएचडी करणार. घरात सगळे हसतायत. ह्यांचं म्हणणं, चित्रं बघायला पीएचडी कशाला लागते? खरंच असा विषय असतो का ती आम्हाला गंडवतेय? – एक आई, सांगली

नाही हो ताई, गंडवत नाहीये. विषय आहे आणि चांगला जुना आहे. डेव्हिड कुन्झल नावाच्या कलेच्या इतिहासकारानं १९७३ मध्येच एक भलामोठा ग्रंथ काढला, त्यात साधारण १४५० ते १८२५ या काळात युरोपात चित्रापुढे चित्र लावून गोष्ट सांगणारे जे छापील कागद निघाले त्यांचा इतिहास आहे, फाशीच्या बातम्या काय, संतांची चरित्रं काय, नवराबायकोची भांडणं काय, सगळं. मग जॉन लेंट. हे फिलाडेल्फियाच्या टेम्पल युनिव्हर्सिटीत शिकवायचे, आशियाभर फिरून व्यंगचित्रकारांना गाठायचे, मुलाखती घ्यायचे, आणि १९९९ मध्ये त्यांनी फक्त कॉमिक्स-व्यंगचित्रांसाठी एक आंतरराष्ट्रीय जर्नल सुरू केलं. जपानात क्योटोच्या सेइका युनिव्हर्सिटीत तर मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, अख्खी फॅकल्टी आहे, आणि त्याच शहरात एका जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत २००६ पासून मांगा म्युझियम चालू आहे, लोक भिंतीवरची पुस्तकं काढतात आणि बाहेर हिरवळीवर लोळत वाचतात.

चित्रं बघायला पीएचडी लागत नाही हे ह्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण ते चित्र कोणी छापलं, कोणी विकत घेतलं, कोणी बंद पाडायला बघितलं आणि मुख्य म्हणजे तो कागद आज कुठे शिल्लक आहे, हे शोधायला लागते. नोकरीचं म्हणाल तर दारावर ‘कॉमिक्स विभाग’ अशी पाटी फार कमी ठिकाणी दिसेल, बहुतेक जण इंग्रजी, इतिहास, माध्यमं नाहीतर ग्रंथालयशास्त्र शिकवतात आणि काम यावर करतात. एवढं मुलीला माहीत असेल तर हसायचं काही कारण नाही.

प्रश्न : आम्ही वर्गात कॉमिक सापडलं की जप्त करायचो. अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं म्हणे सिद्धच केलं होतं की कॉमिक्सनी मुलं बिघडतात. मग आता त्याचा अभ्यास कसला करता? – निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, तुम्ही म्हणताय ते डॉक्टर म्हणजे फ्रेडरिक वर्थम, न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ. माणूस वाईट नव्हता हे आधी सांगून टाकतो. हार्लेममधल्या गरीब काळ्या वस्तीसाठी त्यांनी नाममात्र फी घेऊन क्लिनिक चालवलं, आणि शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात त्यांचं संशोधन कामाला आलं. पण कॉमिक्सचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. १९५४ मध्ये कॉमिक्सनी मुलं बिघडतात असं सांगणारं त्यांचं पुस्तक आलं, त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष झाली, आणि त्याच दिवशी भयकथांचे प्रकाशक बिल गेन्स यांना एका सिनेटरनं एक मुखपृष्ठ दाखवलं, एका हातात रक्तानं माखलेली कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बाईचं कापलेलं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का म्हणून विचारलं, तर हा बाबा म्हणतो हो, भयकथेच्या मानानं आहे, मुंडकं जरा वर धरून मानेतनं रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर वाईट झालं असतं. झालं, दुसऱ्या दिवशी पेपरात तेच! वर्ष संपायच्या आत प्रकाशकांनी घाबरून स्वतःच स्वतःवर कोड, म्हणजे काय छापायचं काय नाही याची नियमावली, लावून घेतला, त्याचा शिक्का नसेल तर विक्रेते माल ठेवेनात, आणि तो कोड रडतखडत २०११ पर्यंत टिकला.

आता ‘सिद्ध केलं’चं बघा. वर्थम १९८१ मध्ये गेले. त्यांच्या कागदपत्रांची खोकी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, ती अभ्यासकांना खुली झाली २०१० मध्ये. कॅरल टिली म्हणून ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापक आहेत, त्या तिथे जाऊन बसल्या आणि त्यांनी मुलांच्या मुलाखतींच्या मूळ नोंदी आणि पुस्तकातली वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचली. तर काय, दोन वेगवेगळ्या मुलांचं बोलणं एकाच मुलाच्या तोंडी घातलेलं. एक तेरा वर्षांची मुलगी, पुस्तकात ती शाळा बुडवते कारण कॉमिक्समधल्या नायिकेचं वेड, आणि मूळ नोंदींत बघावं तर ती टोळीत होती, घरातून पळून गेलेली, तिला धड वाचताही येत नव्हतं. हे सगळं पुस्तकातून गायब. टिलींचा लेख २०१२ मध्ये आला, म्हणजे पुस्तकानंतर तब्बल ५८ वर्षांनी. यानं कॉमिक्स सोवळी ठरली असं नाही, त्या काळातला काही माल खरंच किळसवाणा होता. पण सर, ते सिद्ध बिद्ध काही झालेलं नव्हतं. जप्त केलेली अजून कपाटात असतील तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वाचा.

प्रश्न : जगातलं पहिलं कॉमिक कुठलं? क्विझमध्ये ‘यलो किड’ लिहिलं तर मार्क कापले. – विद्यार्थी, कोल्हापूर

कापायला नको होते, पण भांडण जुनं आहे. अमेरिकन लोक १८९५ च्या यलो किडला, म्हणजे त्यांच्या पेपरातल्या व्यंगचित्रांतल्या पोराला, धरून बसतात. ब्राझीलमध्ये ३० जानेवारी हा कॉमिक्स दिन पाळतात, कारण १८६९ मध्ये त्या तारखेला अँजेलो आगोस्तिनींची मालिका सुरू झाली. मला विचाराल तर माझं मत जिनिव्हाच्या रोडोल्फ टॉप्फरला. हे शाळामास्तर, १८२७ मध्ये त्यांनी एका प्रेमवेड्या म्हाताऱ्याची चित्रकथा काढली, चौकटी आखून, खाली स्वतःच्या अक्षरात मजकूर. तो म्हातारा सारखा आत्महत्या करायला जातो, फसतो, आणि दर संकटानंतर शर्ट बदलतो, दरवेळी तेच वाक्य! जर्मन कवी गटेनं टॉप्फरची हस्तलिखितं बघून कौतुक केलं होतं. पुस्तक छापून आलं १८३७ मध्ये, आणि १८४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत निघालंसुद्धा, टॉप्फरना न विचारता.

प्रश्न : व्यंगचित्र म्हणजे विनोद. हसू आलं तर आलं, नाही तर पान उलटा. त्याची चिरफाड कशाला? – नागपूर

२०१२ आठवतंय? अकरावीच्या राज्यशास्त्राच्या एनसीईआरटी पुस्तकात व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र होतं, राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन. त्यावरून संसदेत गदारोळ झाला, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले, आणि पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या ऑफिसची तोडफोड झाली. तोडफोडीचं समर्थन होऊच शकत नाही. पण ‘जुना विनोद आहे, सोडून द्या’ म्हणणाऱ्यांनी पण अभ्यास केलेला नव्हता. तो केला उन्नमति श्याम सुंदर यांनी. ते स्वतः व्यंगचित्रकार. त्यांनी १९३२ ते १९५६ मधली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रं जुन्या इंग्रजी पेपरांतून शोधून काढली, शंभराहून जास्त, आणि २०१९ मध्ये पुस्तक केलं. एकेक सुटं बघितलं तर गंमत वाटते हो, पण सगळी एकापाठोपाठ बघा, बाबासाहेब कुठे बुटके, कुठे हट्टी पोर, कुठे चक्क बाईच्या वेशात. काढणारे हात कोणाचे आणि हसणारे कोण, हे मग लपत नाही. एका चित्रावर वाद घालून हे कळलं नसतं, त्याला ढीग लागतो.

प्रश्न : आईच्या माळ्यावर मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा सापडला, बहुतेक वेताळ. रद्दीत घालू का बाइंड करू का चांगली चित्रं कापून फ्रेम करू? – डोंबिवली

रद्दीत? अजिबात नाही! आणि कापू पण नका.

सॅन फ्रान्सिस्कोत बिल ब्लॅकबिअर्ड म्हणून एक गृहस्थ होते. साठच्या दशकात अमेरिकन लायब्ऱ्या पेपरांच्या मायक्रोफिल्म करून मूळ बांधीव गठ्ठे काढून टाकत होत्या, आणि फिल्म काळीपांढरी, म्हणजे रविवारच्या रंगीत कॉमिक पानांचा रंगच गेला. लायब्ऱ्या खाजगी माणसाला गठ्ठे देईनात म्हणून यांनी १९६८ मध्ये चक्क संस्था रजिस्टर केली आणि घर तळघरापासून भरून टाकलं. शेवटी तो साठा ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीनं घेतला तेव्हा सहा मोठे ट्रेलर लागले, ७५ टन माल! अमेरिकन स्ट्रिपवर, म्हणजे पेपरातल्या चित्रमालिकांवर, आज कोणी काही लिहितं ते बऱ्याचदा याच कागदांच्या जोरावर.

तुमचे अंक टाइम्स ग्रुपचे, १९६४ ला सुरू होऊन १९९० मध्ये बंद पडले. त्यात बघण्यासारखं खूप आहे. वेताळाचा, म्हणजे मूळच्या अमेरिकन फँटमचा, देश मूळ स्ट्रिपमध्ये बंगाला, आपल्याकडे तो डेंकाली झाला, कारण बंगालची आठवण नको. असे बदल मराठी अंकात कुठे कुठे झालेत ते इंग्रजी अंक शेजारी ठेवून बघता येतं. म्हणून अख्खा अंक हवा, जाहिराती आणि मागच्या पानासकट.

सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि कागद खाते. लॅमिनेशन तर नकोच. बाइंडरकडे दिलं की तो कडा कापतो आणि कधीकधी अंक नंबरही त्यात जातो, तेव्हा तेही राहू द्या. कोरड्या जागी आडवे ठेवा, कसर लागलेले वेगळे काढा आणि अंक नंबर, तारीख, किंमत अशी एक वही करा. आईंनी मार्जिनमध्ये नाव-इयत्ता लिहिली असेल तर खोडू नका, कुठलं पोर काय वाचत होतं याची तीच नोंद.