लष्करातून निवृत्त झालेल्या दिवंगत वडिलांवर पुस्तिका काढायची आहे. माहिती कुठून मिळवावी आणि त्यात काय लिहावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, युद्धाचं घरी कधी बोलले नाहीत, आता वर्षश्राद्ध आलंय आणि हाताशी एक फोटो नि चार मेडलं एवढंच आहे, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे चार वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं.

माहितीचं आधी सांगते, ते सोपं आहे. डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना लष्कराकडून मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, शोधा. भरतीची तारीख, पलटण, बढत्या, मेडलं सगळं त्यात असतं. ते सापडत नसेल तर मेडलं भिंगाखाली धरा, त्यांच्यावर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. मेडलांत 'पूर्वी स्टार' नावाचं मेडल असेल तर ७१ च्या युद्धात ते बांगलादेशच्या बाजूला होते, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिम सरहद्दीवर. नंबर मिळाला की आईच्या सहीनं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा आणि आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन या.

आता काय लिहावं ते. त्यासाठी आमच्या आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सांगावं लागेल.

आबा जंगी पलटणीत, म्हणजे फर्स्ट मराठात. १९६६ ला भरती, १९८८ ला हवालदार म्हणून पेन्शन. ७१ च्या डिसेंबरात ही पलटण आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होती. नदी ओलांडून आपल्या लोकांनी गावाच्या मागची वाट अडवली होती. शरण या म्हणून ब्रिगेडियरनी पत्र पाठवलं, तर तिथल्या पाकिस्तानी अधिकाऱ्यानं उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. १० तारखेच्या रात्री पाकिस्तानी सैनिक वेढा फोडून ढाक्याकडे निघाले आणि थेट मराठ्यांच्या मोर्च्यावर आले. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. तिथून पलटण टांगाइलकडे धावली. तिकडे ११ ला छत्रीतून उतरलेल्या सेकंड पॅरा या पॅराशूट बटालियनला ती १२ च्या संध्याकाळी जाऊन भेटली. सेकंड पॅरासुद्धा मूळची मराठ्यांचीच तिसरी बटालियन. चार दिवसांनी ढाका.

हे सगळं मी वाचून गोळा केलंय. आबांच्या तोंडून जन्मात एकच वाक्य ऐकलं : "थंडी लय होती, आन् रात सरंना." त्यापुढं विचारलं की उठून गोठ्यात जायचे.

आबा गेले तेव्हा दहाव्याला घाटावर सगळा गाव जमला होता. भाषणं झाली. मग माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, उठले आणि म्हणाले, "दादा देशाचा होता. घरी पाव्हण्यासारखा यायचा नि जायचा. पोरं आम्ही वाढवली." कौतुकानंच म्हणाले असतील, लोकांनी मानाही डोलावल्या. माझ्या पोटात मात्र आग पडली. शेजारी आई बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. फौजी म्हणजे मनीऑर्डर, फौजी म्हणजे वर्षाची दोन महिने सुट्टी, बाकी घर भावकीनं चालवलं. आमच्या भागात घरोघरी एक तरी फौजी आहे आणि घरोघरी हे वाक्यही आहे. मला ते साफ खोटं वाटतं.

तेराव्यानंतर आबांची काळी ट्रंक उघडली. वर गणवेशाचा कोट, त्याखाली मफलर, आणि तळाशी खाकी कापडात बांधलेली निळी आंतरदेशीय पत्रं. एकेक उलगडलं. आतल्या पानावर पेन्सिलीनं काढलेलं पावलाचं चित्र. लहान मुलाचं पाऊल कागदावर ठेवून भोवतीनं रेघ ओढलेली, अंगठ्यापाशी थरथरलेली, कारण गुदगुल्या व्हायच्या आणि मी पाय ओढायचे. ते मला चांगलं आठवतं. अशी अकरा पावलं होती. सात माझी, चार भावाची.

आबा सुट्टीवर येताना आम्हाला बूट आणायचे. गावातली पोरं अनवाणी शाळेत यायची तेव्हा आमच्या पायात कॅनव्हासचे बूट असायचे आणि ते नेहमी बरोबर बसायचे. बसायचे कसे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पत्र गेल्यापासून सुट्टी मिळेपर्यंत पाच-सहा महिने जायचे, तेवढ्यात पाय वाढायचा. ट्रंकेतल्या प्रत्येक चित्राच्या कडेला आबांच्या अक्षरात आकडा आहे. "सुट्टी मे. अर्धा इंच जास्त." एका ठिकाणी अर्धा खोडून पाऊण केलाय. कुठल्या तरी चौकीवर बसून हा माणूस आपल्या लेकीचा पाय मे महिन्यात केवढा होईल याचा हिशोब करत होता. याला पाव्हणा म्हणायचं?

म्हणून तुम्हाला सांगते, पुस्तिकेत 'शूरवीर', 'भारतमातेचे सुपुत्र' असले शब्द भरू नका. आमच्या भावानं फ्लेक्स केला त्यात आबांच्या मागे रणगाडा टाकला. पायदळातला माणूस, रणगाड्यात कधी बसला नाही. मी तो उतरवायला लावला, त्यावरून भाऊ महिनाभर बोलला नाही. पलटण आणि लढाई एका पानात खरी खरी लिहा, आणि उरलेली पानं घरच्या माणसाला द्या. सुट्टी संपून जायच्या आदल्या रात्री ते काय करायचे ते आईला विचारा. पेन्शनीनंतर काय केलं तेही लिहा. आमचे आबा साताऱ्यात एका बँकेच्या दारात बारा वर्षं बंदूक घेऊन उभे राहिले, माझ्या बी.एड.साठी. ते कुठल्या डिस्चार्ज बुकात मिळणार नाही.

ट्रंक भंगारात गेली नसेल तर आधी ती उघडा. आणि रेकॉर्ड ऑफिसकडून लढाईची गोष्ट मिळेल अशी आशा धरू नका, तिथं नोकरीच्या नोंदी असतात. त्याच पलटणीतले त्या वयाचे कुणी हयात असतील तर लवकर गाठा.

एक गोष्ट न सांगता गेले तर नानांवर अन्याय होईल. आबा नसताना नांगर त्यांनी धरला, मला गोवर झाला तेव्हा खांद्यावर टाकून सहा किलोमीटर दवाखान्यात त्यांनी नेलं. आणि आईला लिहिता येत नव्हतं. ती आंतरदेशीय पत्रं घरात लिहायचं कोण? नाना.

हे ध्यानात आलं तेव्हा मी ती पत्रं पिशवीत घातली आणि भांडायच्या तयारीनंच त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, एक कागद उजेडाकडे धरला. "थोरलीच्या पायाचं माप धाडत आहे" ही ओळ बोटानं चाचपली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "माझंच अक्षर हाय की गं." आणि जरा थांबून, "पुस्तकात छापशील तर खाली लिव्ह, पाय मी धरायचो."

पान नऊवर छापलंय.