गोवा एअरपोर्टची खरी, ऑफिशियल वेबसाइट कशी ओळखायची?

तुम्ही लिहिलंय की ‘गोवा एअरपोर्ट’ सर्च केलं तर चार साइट आल्या, चारही स्वतःला ऑफिशियल म्हणवतात आणि त्यातली एक टॅक्सीसाठी ऍडव्हान्स मागतेय. आधी तिकीट उघडून बघा, त्यावर विमानतळाचा कोड जीओआय आहे की जीओएक्स. कारण गोव्यात विमानतळ दोन आहेत. जीओआय म्हणजे दाबोळी, वास्कोजवळचा जुना, नेव्हीच्या तळावरचा, आणि जीओएक्स म्हणजे मोपा, तिकडे वर पेडणे तालुक्यात, जिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडतायत. जी साइट नुसतं ‘गोवा एअरपोर्ट’ म्हणून एकच नकाशा आणि एकच पार्किंग रेट दाखवते तिच्यावर मी तिथल्या तिथे फुली मारतो.

आता मुद्द्याचं. साइट कशी दिसते यावरून काहीच ठरत नाही, लोगो कोणीही चिकटवतं. विमानतळ चालवतं कोण ते आधी शोधायचं आणि त्यांच्याच साइटवरून आत शिरायचं. दाबोळीचं प्रवासी टर्मिनल सरकारी एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाकडे (एएआय) आहे, म्हणजे एएआय डॉट एरो उघडा आणि तिथल्या विमानतळांच्या यादीतून गोवा निवडा. मोपा जीएमआर या खासगी कंपनीकडे, तर जीएमआर ग्रुपच्या साइटवर जाऊन तिथून मोपाची लिंक धरा. सर्चमधून थेट उडी मारूच नका, त्यात पहिले एक-दोन रिझल्ट बऱ्याचदा ‘प्रायोजित’ असतात, म्हणजे पैसे मोजून वर आलेले.

आणि पत्त्याच्या शेपटावरून अंदाज बांधू नका, सरकारी असेल तर डॉट जीओव्ही डॉट इनच असणार वगैरे. दिल्लीची साइट आहे न्यूदेल्हीएअरपोर्ट डॉट इन, बेंगळुरूची बेंगळुरूएअरपोर्ट डॉट कॉम, हैदराबादची हैदराबाद डॉट एरो, कोचीची सीआयएएल डॉट एरो. काही एक पद्धत आहे का यात? डॉट एरो मिळवायला विमान क्षेत्राशी संबंध दाखवावा लागतो हे खरं, पण डॉट इन आणि डॉट कॉम तर उद्या तुम्हीआम्हीही घेऊ शकतो, अगदी विमानतळाच्या नावाने.

पत्ता वाचायचा तो उलटा. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढे पहिली तिरकी रेघ (/) येते तिथे थांबा आणि तिथून डावीकडे मागे या. डॉट कॉमच्या लगेच आधी जो शब्द आहे तो खरा मालक, त्याच्याही आधी जे काही लिहिलंय ते मालकाच्या मर्जीचं. म्हणजे समजा ‘जीएमआर डॉट गोवा-टॅक्सी-बुकिंग डॉट कॉम’ असं दिसलं तर जीएमआरचा तिथे काडीचा संबंध नाही, ती गोवा-टॅक्सी-बुकिंगवाल्याची साइट. मोबाइलवर तर पत्ता अर्धाच दिसतो, त्यावर बोट ठेवून पूर्ण उघडून बघा. कुलपाच्या चिन्हाचं म्हणाल तर ते विसरा, त्याचा अर्थ एवढाच की मधे कोणी वाचत नाहीये, समोर बसलाय तो भामटा की साव ते कुलूप सांगत नाही, आणि कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट हल्ली फुकट मिळतं. क्रोमने तर २०२३ मध्ये ते कुलूप काढूनच टाकलं.

बरं, ऑफिशियल नसलेली प्रत्येक साइट फ्रॉड नसते हेही लक्षात घ्या. बऱ्याच नुसत्या कमिशनवाल्या असतात, हॉटेल आणि भाड्याच्या गाड्या विकतात, आणि अगदी तळाला बारीक फिकट अक्षरात लिहिलेलं असतं की आमचा विमानतळाशी संबंध नाही. तळापर्यंत स्क्रोल करायचा कंटाळा करू नका, तिथे बरंच काही कबूल केलेलं असतं. फ्लाइट लेट आहे का एवढंच बघायचं असेल तर मात्र या भानगडीत पडायचंच कशाला, एअरलाइनच्या ऍपवर पीएनआर टाका.

जिथे पैसे, पासपोर्टचा फोटो किंवा ओटीपी मागतात तिथे हे सगळं तपासणं आलंच. नोकरीच्या बाबतीत तर जास्तच. आमच्या नात्यातल्या एका पोराला ‘ग्राउंड स्टाफ’चं ऑफर लेटर आलं होतं, विमानतळाचा लोगो, शिक्का, खाली वेबसाइटसुद्धा. ट्रेनिंग फी भरायला क्यूआर दिला होता, तो स्कॅन केला तर नाव आलं कुठल्यातरी बाईचं, चक्क पर्सनल खातं. पोरगं हुशार, त्याने पिन टाकलाच नाही.

गूगल मॅपवरच्या फोन नंबरचंही तसंच, तिथे बदल कोणीही सुचवू शकतं, तेव्हा हरवलेल्या बॅगेसाठी वगैरे नंबर लागला तर तो वरच्या रस्त्याने ऑपरेटरच्या साइटवरूनच घ्या.

तुमच्या टॅक्सीचं म्हणाल तर ऍडव्हान्स देऊ नका. दोन्हीकडे बाहेर पडलं की प्रीपेड काउंटर आहे, कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसही मिळतात. पैसे ऑलरेडी गेले असतील तर आत्ताच्या आत्ता १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला, साइटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण असल्या साइट गायब व्हायला वेळ लागत नाही.